विनोदी कपाटाच्या बाहेर

सांगलीतल्या एका वाचनालयातली संध्याकाळ. देवघेवीच्या टेबलापाशी कॉलेजातली एक मुलगी उभी होती, पाठीवर सॅक, हातात परत करायचं पुस्तक. टेबलामागच्या काकांना ती म्हणाली, "काका, कायतरी विनोदी द्या की. पण आत्ताचं." काकांनी शिक्का मारता मारता विचारलं, "पु. ल. वाचलेस?" "वाचलंय की. घरात सगळ्यांना पाठ आहे." "मिरासदार?" "ते पण झाले. बाबांकडं सगळी आहेत." मग काका उठले, आतल्या कपाटाशी गेले आणि जाड बांधणीचे दोन कथासंग्रह काढून घेऊन आले. तिनं एक उघडून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि मिटलं. दुसऱ्याचं नुसतं मुखपृष्ठ बघितलं. मागं रांग वाढत होती. शेवटी स्पर्धा परीक्षेचं एक मासिक नावावर लिहून घेऊन ती गेली.

एवढंच. पण हे मनातून जाईना. काकांनी मनापासून शोधलं होतं, तिनं मनापासून मागितलं होतं, आणि त्याच इमारतीत, त्या टेबलापासून फार तर पंधरा पावलांवर, तिला रात्री जागवतील अशी चार-पाच पुस्तकं पडून होती. ती त्या कपाटात नव्हती, इतकंच.

ग्रंथालयाच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. त्यापुढं कवितेला १, नाटकाला २, कादंबरी-कथेला ३, निबंधाला ४ असं करत विनोद आणि उपहासाला ७ मिळतो. म्हणजे काटेकोर लावलं तर विनोदी पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६७ असायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत इतकं कोणी करत नाही. कादंबरी, कथा, नाटक, ललित, चरित्र, प्रवासवर्णन, विनोदी अशी सुटसुटीत कपाटं असतात, आणि वाचकाला तीच सोयीची पडतात. अडचण अशी की शेवटच्या कपाटात तेवढीच पुस्तकं जातात ज्यांच्या आतल्या पानावर 'विनोदी कथासंग्रह' असं छापलेलं असतं, किंवा मुखपृष्ठावर मोठ्या नाकाचा माणूस घसरून पडलेला असतो. ही पद्धत साधारण साठ ते नव्वदच्या दशकांतली. त्यामुळं कपाट उघडलं की तोच काळ समोर येतो: रेक्झिनची बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईचा दाखल क्रमांक, पिवळं पडलेलं तारीखपत्रक. सांगलीत तर तळाच्या फळ्यांवरून जुनं पुस्तक काढलं की कधी कधी खालच्या कडेला तपकिरी रेघ दिसते. २००५ आणि २०१९ च्या पुरानं किती पुस्तकं नेली आणि किती अशी डागाळून मागं ठेवली, ते या फळ्यांपाशी उभं राहिल्यावर कळतं. त्यातली कित्येक परत छापली जाणार नाहीत.

ज्यांनी विनोद नीट लिहिला, त्या अलीकडच्या बऱ्याच लेखकांनी आपल्या पुस्तकाला विनोदी म्हटलेलंच नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ ची. ती कादंबरीच्या कपाटात असते आणि लोक तिला प्रेमकथा म्हणून नेतात. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, वर्गातली टोळकी, सरांची बोलण्याची पद्धत, घरातल्या मोठ्यांच्या सूचना, हे सगळं मुकुंदा ज्या गंभीर चेहऱ्यानं सांगतो, त्यात पानोपानी हसू आहे. 'कोसला' १९६३ ची, तिला आता अभ्यासक्रमाचं वजन आलंय. पण त्यातली वसतिगृहाची, मेसच्या कारभाराची पानं जो अभ्यास म्हणून वाचतो त्याचं मोठं नुकसान होतं. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' १९९७ ची, ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या रांगेत तलवारी आणि घोड्यांच्या मुखपृष्ठांमध्ये उभी असते. पद्मजा फाटक यांचं 'हसरी किडनी' आजारपणाच्या अनुभवांत किंवा आरोग्याच्या फळीवर सापडतं. आणि मराठीतल्या सगळ्यांत हसऱ्या पुस्तकांपैकी एक, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आत्मचरित्रांत. ते आत्ताचं नाही, १९३० च्या दशकातलं आहे. तरी त्यातलं वाक्य इतकं सरळ आणि चपळ आहे की 'आत्ताचं हवं' म्हणणाऱ्यालाही मी ते आधी देईन.

म्हणून पहिली गोष्ट: वाचनालयात गेल्यावर विनोदी कपाट शेवटी बघायचं.

कादंबरीच्या कपाटात सांगली जिल्ह्यातला वाचक ज्याच्याकडं हमखास दुर्लक्ष करतो तो लेखक आपल्याच जिल्ह्यातला आहे. श्याम मनोहर मूळचे तासगावचे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव...', 'शीतयुद्ध सदानंद', 'कळ', 'खेकसत म्हणणे आय लव्ह यू' ही त्यांची पुस्तकं. 'उत्सुकतेने मी झोपलो' या कादंबरीला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार आणि 'प्रायोगिक' हा शिक्का, या दोन्हींमुळं मौजेसाठी वाचणारा त्यांच्यापासून चार हात लांब राहतो. त्यांच्या गद्यात विनोद कुठून येतो ते थोडं थांबून बघण्यासारखं आहे. वाक्यं छोटी, सपाट. विशेषणं जवळजवळ नाहीत. मध्यमवर्गीय माणूस एखादा प्रश्न पार शेवटापर्यंत विचारत नेतो, आणि शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले लोक त्याला ज्या तयार वाक्यांनी उत्तरं देतात ती वाक्यं लेखक फक्त आपल्यापुढं ठेवतो. हसू येतं ते आपण ती वाक्यं रोज बोलतो म्हणून. इथं नव्या वाचकाची गाडी ठरलेल्या ठिकाणी अडते: तो विनोदाच्या ठोक्याची वाट बघत बसतो, पंधरा-वीस पानं ठोका पडत नाही, आणि पुस्तक परत जातं. यावर उपाय साधा आहे. एका बैठकीत दहा-बारा पानांच्या वर जायचं नाही, आणि संवाद आला की तो मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला कानाला चाल सापडते, आणि मग साध्या 'बरं का' वर हसू फुटायला लागतं.

'अंताजीची बखर' ची अडचण वेगळी. निवेदन जुन्या बखरीच्या वळणाचं आहे, अठराव्या शतकातला बंगाल आहे, मराठ्यांच्या स्वाऱ्या, प्लासी. सुरुवातीची पानं जड जातात, शब्दांपाशी ठेचकाळायला होतं. तिथं प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसू नये. वाक्याचा रोख कळला की पुढं जावं. तीसेक पानांत अंताजीचा स्वभाव हाती लागतो. तो शूर वगैरे नाही, स्वतःची कातडी सांभाळणारा, डोळे उघडे ठेवून सगळं बघणारा माणूस आहे, आणि इतिहासातली मोठमोठी माणसं त्याच्या नजरेतून जेवताना, घाबरताना, हिशेब करताना दिसतात. ज्या भागात चौकाचौकात घोड्यावरचा पुतळा आहे तिथल्या वाचकाला हे पुस्तक जरा जास्तच भिडतं. आवडलं तर 'बखर अंतकाळाची' हा पुढचा भाग आहे.

नाटकांचं कपाट तर सांगलीत राहून कोणी टाळू नये. विष्णुदास भाव्यांचं गाव, गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. देवलांच्या 'संशयकल्लोळ' ची मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरची. पण फाल्गुनराव आणि भादव्या वाचताना ते आठवतही नाही. नाटक छापील वाचायची सवय आता मोडली आहे, आणि विनोदासाठी तर कोणीच वाचत नाही. खरं तर संशयाचा गुंता पुस्तकात जास्त स्पष्ट दिसतो; कोण कुठल्या दारानं आला, हे पान मागं उलटून तपासता येतं. वाचायची रीत अशी: पात्रांची यादी एका चिठ्ठीवर नात्यांसकट लिहून ती पुस्तकात खूण म्हणून ठेवायची, आणि एक अंक एका दमात संपवायचा. मध्ये थांबलं की लय तुटते आणि मग सगळे एकाच आवाजात बोलल्यासारखे वाटतात. अलीकडचं हवं तर सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण'. १९७४ चं नाटक, मेलेला माणूस कीर्तनाच्या बाजात आपली गोष्ट सांगतो. मृत्यूच्या घरात एवढं हसवणारं दुसरं काही मराठीत मला माहीत नाही. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर मात्र ते पुढं ढकलावं.

आता पुस्तक हातात आल्यावर करायची तपासणी. प्रस्तावना वाचायची नाही. तिथं 'वाचक खळखळून हसेल' असं लिहिलेलं असतंच आणि ते खरं-खोटं ठरवायला काही आधार नसतो. पहिलं पानही सोडायचं, कारण पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. पुस्तकाच्या साधारण एक तृतीयांशावर, म्हणजे दोनशे पानी पुस्तकात पासष्ट-सत्तराव्या पानाच्या आसपास उघडायचं आणि उभ्याउभ्या सलग दोन पानं वाचायची. त्या दोन पानांत उद्गारचिन्हं किती आहेत ते नजरेला लगेच दिसतं; सहा-सातच्या वर असतील तर लेखकाला स्वतःच्या वाक्यावर भरवसा नाही. पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर 'खो खो हसली' असं असेल तर आपल्या वाटणीचं हसू त्यांनीच संपवलेलं असतं. पात्रांची नावंच विनोदी असतील, गडबडे, घोरपडकर, झोपाळे अशी, तर बहुतेक वेळा विनोद नावापाशीच थांबलेला असतो. आणि कंसात कोटीचा खुलासा केलेला दिसला की पुस्तक मिटावं.

चांगलं वाक्य कसं ओळखायचं, हे उदाहरणानं जास्त कळेल. समजा चिकट स्वभावाच्या तात्यांबद्दल लिहायचंय. एक लेखक लिहील: 'तात्या इतके कंजूष होते की चहात साखर घालतानाही त्यांचा जीव कासावीस होई!!' दुसरा लिहील: 'तात्यांकडं चहाला गेलं की ते साखरेचा डबा आपल्यापुढं ठेवत आणि चमचा आणायला आत जात. चहा संपेपर्यंत चमचा सापडत नसे.' पहिल्या वाक्यात लेखकानं निकाल आधीच सांगून टाकलाय, वाचकाला काही कामच उरलेलं नाही. दुसऱ्यात 'कंजूष' हा शब्द नाही. डबा आहे, चमचा आहे, आतली खोली आहे, आणि आपण बिनसाखरेचा चहा घोट घोट पीत बसलोय हे आपल्याला एका क्षणानं उशिरा कळतं. त्या उशिरातच हसू आहे. शिवाय तात्या खोटं बोललेले नाहीत, उद्धट झालेले नाहीत. त्यांची अब्रू शाबूत आहे. चांगल्या विनोदी लेखनात माणसाला फार क्षुल्लक गोष्ट फार गंभीरपणे हवी असते, आणि लेखक त्या गांभीर्याची टर उडवत नाही. दोन पानांत असं एक वाक्य सापडलं तरी पुस्तक घरी न्यावं.

बोलीची परीक्षा वेगळी. सातारा-सांगलीकडचा वाचक या बाबतीत जन्मानंच तयार असतो, पण ही तयारी तो पुस्तकावर वापरत नाही. वाईकडचं बोलणं, कराड-इस्लामपूरकडचं, माणदेशातलं कोरडं आणि तुटक, जतकडचं कानडीचा हेल असलेलं, हे सगळं एक नाही. कच्चा लेखक प्रत्येक खेडवळ पात्राच्या तोंडी 'म्या', 'तुमास्नी', 'व्हय जी' सारख्याच मापानं घालतो. मास्तर, सरपंच, म्हातारी, वायरमन, सगळे एकाच शिक्क्याचे. पक्का लेखक मास्तराला अर्धवट पुस्तकी बोलायला लावतो, म्हातारीला मधलं सगळं गाळून बोलायला लावतो, आणि सरपंचाला प्रश्नाचं उत्तर प्रश्नानं द्यायला लावतो. तपासायचं कसं? संवादाचं अर्धं पान घ्यायचं, 'अमका म्हणाला' हे भाग बोटानं झाकायचे आणि मोठ्यानं वाचायचं. कोण बोलतंय हे कळलं तर पुस्तक आपलं. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले. त्यांचा छापील संवाद अजून उभा राहतो याचं हेही एक कारण असणार. समोरच्या श्रोत्यांत वाक्य पडलं की त्याच क्षणी कळत होतं.

वर्तमानपत्री सदरांची पुस्तकं हा मोठा आणि फसवा भाग. इथं पहिली अडचण शोधण्याचीच, कारण सदरं टोपणनावांनी लिहिलेली असतात आणि वाचनालयाच्या नोंदीत कधी टोपणनाव असतं, कधी खरं. ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. 'ललित' मासिकातलं त्यांचं 'घटका गेली, पळे गेली'. तंबी दुराई म्हणजे श्रीकांत बोजेवार. 'दोन फुल, एक हाफ' त्यांचं. ब्रिटिश नंदी म्हणजे प्रवीण टोकेकर. जुन्यात केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे आणि बाळकराम म्हणजे गडकरी. संगणकावर शोधताना दोन्ही नावं टाकून बघावीत, आणि आद्याक्षरांमधल्या टिंबांची आणि मोकळ्या जागांची अदलाबदलही करून बघावी, 'पु. ल.' आणि 'पु.ल.' ही यंत्राला दोन माणसं वाटतात.

सदरांचं पुस्तक सलग वाचायचं नसतं. एक सदर म्हणजे सातशे-आठशे शब्द, आठवड्यातून एकदा चहाबरोबर वाचण्यासाठी लिहिलेले. ओळीनं दहा वाचले की लेखकाची शेवटाला वळण देण्याची सवय उघडी पडते आणि अकराव्यापासून हसू येईनासं होतं. दोष लेखकाचा नाही, मात्रेचा आहे. दिवसाला दोन पुरेत. सांगली-सातारा एसटीत, कराडच्या थांब्याआधी एक आणि नंतर एक. दुसरं, सदर निवडताना नेम कोणावर आहे ते बघावं. विशिष्ट निवडणूक, विशिष्ट मंत्री, विशिष्ट घोटाळा असेल तर दहा वर्षांनी त्यातलं अर्धं कळत नाही. ठणठणपाळ टिकला तो साहित्यिकांच्या मानपानावर बोट ठेवल्यामुळं. मानपान काही बदललेला नाही.

जुन्या संग्रहांचं त्या मुलीनं मिटलेलं पान मात्र समजून घ्यायला हवं. त्या काळातल्या कितीतरी संग्रहांत विनोदाचं भांडवल म्हणजे बायको, सासू, जाड बाई, तोतरा माणूस, कानानं अधू म्हातारा. आज वीस वर्षांच्या वाचकाला ते वाचताना ओशाळं होतं, आणि हे त्याच्या किंवा तिच्या नाजूकपणाचं लक्षण नाही. लेखकानं सोपी शिकार निवडली होती, ती आता उघडी दिसते. चिं. वि. जोशींचा चिमणराव नव्वद वर्षांनंतरही का चालतो? कारण फजिती सांगणाऱ्याचीच होते. चिं. वि. १९६३ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा आपल्याकडचा स्वामित्वहक्काचा नियम, म्हणजे २०२४ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. आणि बायकोवरच्या विनोदांचं पारडं फिरवून घराच्या आतल्या बाजूनं लिहिणाऱ्या मंगला गोडबोले आहेत. 'झुळूक' पासून सुरुवात करावी. वरवर घरगुती वाटणारं ते लेखन वाक्याच्या बाबतीत फार पक्कं आहे, आणि त्याला मिळायला हवं तेवढं वजन अजून मिळालेलं नाही असं माझं मत आहे.

पु. लं.बद्दल एक गोष्ट मनात टोचते. ते काही काळ सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, त्यामुळं इथल्या लोकांना त्यांच्यावर थोडा जास्त हक्क वाटतो. 'व्यक्ती आणि वल्ली' कितव्यांदा वाचली हे कोणी मोजत नाही. तरी 'विनोदी काय वाचू' या प्रश्नाला त्यांचं नाव दिलं की बोलणं तिथं संपतं, आणि नंतर लिहिणाऱ्या माणसाला वाचकच मिळत नाही. वाचक नाही म्हणून आवृत्ती हजाराच्या आत, आवृत्ती छोटी म्हणून सातारा-सांगलीच्या दुकानात प्रत नाही, प्रत नाही म्हणून नाव माहीत नाही. प्रेम आणि अडथळा एकाच जागी असल्यावर काय करावं ते मला नेमकं सुचत नाही.

नवी नावं कळण्याचा सगळ्यांत भरवशाचा रस्ता अजूनही दिवाळी अंकांचाच आहे. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेला 'आवाज' त्याच्या खिडकीचित्रांसाठी सगळ्यांना आठवतो. 'जत्रा', 'मोहिनी' आहेत. पण फक्त विनोदी अंक बघू नयेत. साहित्याच्या जाड अंकांत अनुक्रमणिकेत 'कथा' म्हणून छापलेली एखादी गोष्ट अचानक फार हसवून जाते. वाचनालयात अंकांची वेगळी वर्गणी असते आणि दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत अंक फिरत राहतात. डिसेंबरात गर्दी ओसरते, तेव्हा दोन-दोन अंक मिळतात. आवडलेल्या लेखकाचं नाव, अंकाचं नाव आणि वर्ष एवढं कागदावर टिपून ठेवावं. जानेवारीच्या सुमारास साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर ग्रंथमहोत्सव भरला की ती यादी घेऊन प्रकाशकांच्या गाळ्यांवर जायचं. 'विनोदी आहे का' असं विचारलं की तेच कपाट पुढं येतं. 'यांचं काही आहे का' असं नावानं विचारायचं. घरबसल्या बघायचं तर बुकगंगावर बऱ्याच पुस्तकांची काही पानं चाळता येतात, पण तिथं बहुतेक वेळा सुरुवातीचीच पानं दिसतात, त्यामुळं पासष्टाव्या पानाची तपासणी तिथं होत नाही.

ती भिलारला मनसोक्त होते. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं; घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून फुकट वाचायची. विनोदी पुस्तकांचं घर आहे, दिवाळी अंकांचं आहे. पुस्तक घरी नेता येत नाही, आणि हीच सोय समजावी: एका दिवसात आठ-दहा पुस्तकांची मधली दोन-दोन पानं वाचून होतात, आणि कुठलं विकत घ्यायचं ते ठरतं. रविवार आणि मे महिना सोडून जावं. पावसाळ्यात धुकं असतं, खिडकीजवळही दिवा लागतो, पण गावात आवाज नसतो आणि वाचताना हसू फुटलं तर घरातल्या मावशी चहा ठेवून विचारतात, "काय एवढं लिहिलंय?" मग त्यांना वाचून दाखवावं.

मराठीतलं संपत आलं असं वाटलं तर लिपी तीच असलेली हिंदी शेजारीच आहे. श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' १९६८ ची. शिवपालगंज नावाचं खेडं, वैद्यजी, त्यांच्या हातातलं कॉलेज आणि सहकारी संस्था. साखर कारखाना, सोसायटी, शिक्षण संस्था आणि पतपेढी यांच्या निवडणुका बघत मोठ्या झालेल्या वाळवा-कराडच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. नावं बदलली की गोष्ट आपल्या तालुक्याची. आणखी अलीकडचे म्हणजे ज्ञान चतुर्वेदी. भोपाळचे हृदयरोगतज्ज्ञ, 'बारामासी' ही त्यांची कादंबरी बुंदेलखंडातली, संवाद बुंदेलीत. पहिली चाळीसेक पानं आपला वेग निम्म्यावर येतो. तिथंही उपाय तोच, मोठ्यानं वाचणं.

वाचनालयातून पुस्तक उचलताना आणखी दोन खुणा बघाव्यात. तारीखपत्रकावर दीड-दोन महिन्यांत चार-पाच शिक्के दाटीवाटीनं पडलेले असतील, तर कोणीतरी ते कोणाला तरी सांगितलेलं आहे. एखाद्या घरातून शेजारी, शेजारून मैत्रिणीकडं असं ते फिरलंय. शिक्के पातळ पण वर्षानुवर्षं चालू असतील तर त्या पुस्तकाला स्वतःचे वाचक आहेत. दुसरी खूण समासातली पेन्सिल. अभ्यासू वाचक ओळीखाली रेघ मारतो. हसलेला वाचक ओळीच्या शेजारी छोटी उभी रेघ किंवा नुसता ठिपका देतो, कारण हात हलत असतो. तसले ठिपके मधल्या पानांत दिसले की पुढं बघायची गरज नाही. पुस्तकावर लिहू नये हे मान्य, पण हे ठिपके मला कधी रागवू देत नाहीत.

आणि जे वाचनालयात नाहीच ते मागवता येतं. जवळपास प्रत्येक वाचनालयात वाचकांच्या मागणीची वही असते, टेबलाच्या कोपऱ्यात दोरीनं पेन बांधलेली. खरेदी वर्षातून एक-दोनदा होते, तीही अनुदान हातात आलं की घाईनं आणि बरीचशी शासनमान्य यादीकडं बघून. त्या वेळी ही वही खरोखर उघडली जाते. 'नवीन विनोदी पुस्तकं मागवावीत' असं त्यात लिहिलेलं कितीदा तरी दिसतं, आणि त्यावर ग्रंथपाल काहीच करू शकत नाही. पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, असल्यास टोपणनाव, प्रकाशक आणि चालू आवृत्तीची किंमत असं एका ओळीत लिहावं. ती ओळ तशीच खरेदीच्या यादीत उतरवता येते. एकाच पुस्तकाचं नाव दोघा-तिघांनी वेगवेगळ्या तारखांना लिहिलं तर समितीपुढं ते सहज मंजूर होतं, म्हणून ज्यांच्याशी पुस्तकांवर बोलणं होतं त्यांनाही लिहायला सांगावं. पुस्तक आलं की दाखल करताना ग्रंथपाल विचारतात, कुठल्या कपाटात टाकू. तेव्हा 'विनोदी' म्हणू नये. कादंबरी असेल तर कादंबरीत, नाटक असेल तर नाटकात राहू द्यावं, आणि देवघेवीच्या टेबलावरच्या काकांना मात्र त्याचं नाव जरूर सांगून ठेवावं.